छत बंद करण्याआधी

सिस्टरांच्या घरात कुठलंही झाकण एका माणसाला बंद करता येत नसे. पापडाचा डबा असो, शिलाई मशीनची पेटी असो की गावाला निघालेल्या पाहुण्याची बॅग, त्या झाकण एका हातात उभं धरायच्या आणि जिन्याकडे तोंड करून हाक द्यायच्या, "कोणी आहे का गा वर?"

वर आम्ही राहत होतो. मी आणि माझी बायको, सिस्टरांचे भाडेकरू. हाक आली की दोघांपैकी एकाने खाली जायचं, डब्यात डोकावायचं आणि सिस्टरांबरोबर मोठ्याने मोजायचं. आकडे जुळले की झाकण लागायचं. नाही जुळले तर सगळं बाहेर, पुन्हा पहिल्यापासून. एकदा बायको कांदा फोडणीला टाकून गेली आणि पापड मोजून परत आली तोवर कढईत कोळसा झाला होता.

नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टरांची सगळी नोकरी गेली. डॉक्टर पोट शिवायला घेण्याआधी आत गेलेली, रक्त टिपायच्या जाळीच्या कापडाची प्रत्येक घडी, प्रत्येक चिमटा, प्रत्येक सुई बाहेर आली की नाही, हे बघणं त्यांचं काम. एक सिस्टर मोजते, दुसरी तिच्या बरोबरीने मोजते. या दुसरीला त्या 'दुसरा आवाज' म्हणायच्या. निवृत्त झाल्यावर थिएटर सुटलं, दुसरा आवाज मात्र त्यांना लागायचाच. लग्न त्यांनी केलं नव्हतं. "घरात दुसरा आवाज नव्हता, म्हणून तो भाड्याने ठेवला," असं माझी बायको म्हणायची. सिस्टरांसमोरच म्हणायची. त्या हसायच्या आणि म्हणायच्या, "भाडं तर तुम्हीच देऊन राहिले वं मले."

त्यांचं नाव गल्लीत कोणी घेत नसे. दूधवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांच्या त्या सिस्टर. ठेंगण्या, नखं मांसापर्यंत कापलेली, घड्याळ मनगटावर नाही तर पदराला उलटं टोचलेलं. त्यांचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे खिसा. खिशाचा शर्ट घालून कोणी त्यांच्या मोजणीला आलं की त्या हात आडवा करायच्या. "खिशात गेलेली वस्तू आहे बी आणि नाही बी. तिले मी कुठं धरू?" म्हणून हाक आली की मी बनियनवर खाली जायचो. दिवाणखान्यात त्यांच्या मैत्रिणी बसलेल्या असल्या तरी.

दसऱ्याला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या लोकांची रांग आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाते. गावोगावची माणसं, डोक्यावर बोचकी, पायांवर धूळ. त्या दिवशी सिस्टर फाटकाशी टेबल मांडून पाणी आणि मसालेभात वाटायच्या. ग्लास स्टीलचेच, कागदाचे नाहीत. संध्याकाळी ग्लास टोपल्यात भरण्याआधी रस्त्यावरच्या कुणालाही त्या थांबवायच्या. एका वर्षी एका म्हाताऱ्याला पकडलं.

"बाबा, मोजू लागा जरा."

"माई, मी कायले तुझा ग्लास नेऊ?" म्हातारा दुखावला.

"तुम्ही नेला असं कोण म्हटलं? मी एकटी मोजली तर मीच चोर आणि मीच शिपाई."

म्हाताऱ्याला ते पटलं. त्याने बोचकं खाली ठेवलं आणि प्रत्येक ग्लासावर बोट टेकवत मोजलं. सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाह्य. याले म्हणते आवाज. तुझा नुसता गळा आहे."

हे त्यांनी सहज म्हटलं असेल. मला लागलं, कारण ते खरं होतं. मी एका सरकारी कार्यालयात आहे. दुसऱ्याने केलेल्या कामाखाली 'तपासले' असं लिहून सही करणं हे माझं अर्ध्याहून जास्त काम. सगळं तपासतो असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. वरची सही ओळखीची असली की माझी खाली आपोआप उमटते. सिस्टरांकडेही तसंच चालायचं. त्या म्हणायच्या बावीस, अर्ध्या श्वासाने मागून मी म्हणायचो बावीस. पापडाने कोणाचा जीव जात नाही, असं मी मनाला सांगायचो.

त्यांच्याकडे एक जुनी छोटी गाडी होती. नागपूरच्या उन्हाळ्यात उघड्यावर उभी राहून तिच्या छताच्या कापडाचा डिंक सुटला होता. आधी मधोमध एक फुगा आला, मग फुगा लोंबायला लागला. सिस्टरांनी त्याला केसांचे आकडे टोचले. पुढच्या उन्हाळ्यात आकडेही गळाले आणि कापड थेट डोक्यावर आलं. त्या तशाच चालवत राहिल्या. मागून बघितलं तर गाडीत कोणी डोक्यावरून पदर घेतलेली नवरी बसली आहे असं वाटायचं.

"सीट कव्हरवाल्याकडे द्या ना," मी म्हणायचो. "एका दिवसात करून देतो तो."

"त्यानं आत काय सोडलं, मले काय माहीत? दुसऱ्यानं बंद केलेलं मले चालत नाही."

ते छत तसंच लोंबत राहिलं असतं. पण माझ्या बायकोच्या पोटात गाठी निघाल्या आणि गर्भपिशवी काढायला सांगितलं.

मी भित्रा माणूस आहे. हे वाक्य लिहायला मला आता फार त्रास होत नाही. सोनोग्राफीचा कागद हातात आला त्या दिवसापासून मी तो दिवसातून दहादा उघडून वाचायचो. बायको शांत होती. ती शांत आहे म्हणून मला आणखी भीती वाटायची. डॉक्टर म्हणाले नेहमीचं ऑपरेशन आहे. त्यांच्यासाठी नेहमीचं असेल. माझ्या घरात ते पहिलंच होतं.

सिस्टरांनी कागद वाचला, दवाखाना कोणता ते विचारलं आणि मान हलवली. तो त्यांचाच जुना दवाखाना होता. मग म्हणाल्या, "गाडीचं छत करावं लागते."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"ती टाके घेऊन घरी येईन, ते मागच्या सीटवर आडवी होऊन येईन," त्या म्हणाल्या. "तोंड वर. आणि वरून ते फडकं तिच्या नाकावर पडन. ऑपरेशनच्या माणसाच्या तोंडावर कापड पडलेलं मले चालत नाही."

बायको हसली. मी हसू शकलो नाही. मला ते कापड दिसलं. तोंडावर ओढलेलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही गाडी उघडली. उघडली म्हणजे खरोखर उघडली. आधी दारांच्या कडेचं रबर ओढून काढलं, मग दारांमधल्या खांबांवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, उन्हाच्या झडपा, धरायच्या मुठी, दिव्याचं खोकं. प्रत्येक पट्टीमागे प्लास्टिकच्या छोट्या क्लिपा असतात, बोटाच्या पेराएवढ्या. त्यांवरच सगळं अडकलेलं. सिस्टरांनी थिएटरमधला किडनीच्या आकाराचा स्टीलचा ट्रे आणला आणि निघाली तशी एकेक क्लिप टणकन त्यात टाकली. शेवटी दोघांनी मोजल्या. अठरा. म्हणजे त्यांनी मोजल्या, मी म्हणालो.

छताचा साचा म्हणजे दाबलेल्या पुठ्ठ्याचं एक मोठं खोल ताट. तो दुमडला तर मोडतो, म्हणून डिक्कीच्या दारातून तिरका करून हळूच बाहेर काढावा लागतो. साचा निघाला आणि गाडीचा खरा पत्रा दिसला. नागडा, डागाळलेला, मधून एक वायर गेलेली. मी मान वर करून बघत उभा राहिलो. माणसाला उघडल्यावरही असंच दिसत असेल, आणि आत किती कोपरे असतील, हा विचार डोक्यात आला तो गेलाच नाही.

"सिस्टर, तुमच्या वेळी कधी आत काही राहिलं होतं का?"

त्या जुन्या फोमचा चुरा ब्रशने खरवडत होत्या. नारिंगी पावडर त्यांच्या भुवयांवर बसली होती. हात थांबला नाही.

"क्लिप गाडीत राहिली तर खडखडते," त्या म्हणाल्या. "माणसात राहिली तर खडखडत नाही."

"पण राहिलं होतं का?"

"राहिलं असतं तर तुले सांगितलं असतं का मी?"

त्यांनी ब्रश झटकला आणि पुढचा कोपरा खरवडायला घेतला. त्या उत्तरात हो होतं की नाही होतं, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही.

कापड त्यांनी निवडलं. फिकट, दुधात केशराची एक काडी टाकावी तसं. "ती पाहत येईन घरापर्यंत. पांढरं नको, दवाखान्यात पाहून पाहून कंटाळली असन." डिंक त्यांनी उन्हाला टिकणारा, महागातला मागवला. अंगणात साचा उलटा ठेवला, डिंक मारला, मी एका बाजूने कापड धरलं आणि त्या मधून बाहेर, मधून बाहेर, तळहाताने दाबत गेल्या. मागच्या बाजूला माझी पकड सुटली. कापडाला बोटभर सुरकुती पडली. ओढून काढायला गेलो तर कापडामागचा फोम फाटेल, म्हणून ती तशीच राहिली.

"राहू दे," सिस्टर म्हणाल्या. "दिसून राहिली ना? दिसते ते मोजता येते."

ऑपरेशन सकाळचं होतं, म्हणून बायकोला आदल्या दिवशी भरती केलं. तिचा भाऊ काटोलहून आला आणि तिच्याजवळ थांबला. मी संध्याकाळच्या आत घरी परतलो, कारण छत अजून अंगणातच होतं आणि सकाळी गाडी लागणार होती. मी थेट दवाखान्यातून आलो होतो. अंगात खिशाचा शर्ट होता. सिस्टरांनी त्याकडे बघितलं नाही. एरवी त्यांनी मला जिन्याकडे पिटाळलं असतं. हे मला त्या वेळी सुचलं नाही, फार नंतर सुचलं.

साचा डिक्कीतून आत घेतला. तो वर टेकवून धरायला दोन्ही हात आणि डोकं लागतं. मी डोक्याने छत उचलून उभ्याचा वाकडा झालो होतो आणि सिस्टर चालकाच्या बाजूने मुठी, दिवा, पट्ट्या बसवत येत होत्या. मग माझी बाजू. पट्टी खाचेत दाबली की क्लिप टक् करून बसते. तो टक् ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही. मी दोन-तीन बसवल्या आणि फोन वाजला. बायकोचा.

"बारानंतर पाणी बी नको म्हणतात," ती म्हणाली. "आणि मले एका कागदावर सही करायला लावून राहिले."

"कसल्या?"

"काही झालं तर आमची जबाबदारी नाही, असं लिहिलं आहे. सगळ्यांकडूनच घेतात म्हणे. तुम्ही घाबरून राहिले का?"

"नाही," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि उरलेल्या पट्ट्या दाबल्या. कान बधिर झाले होते. किती टक् झाले, मला सांगता येत नाही. पलीकडून सिस्टर म्हणाल्या, "माझ्याकडं अकरा. ट्रे खाली आहे. तुझ्याकडं सात पाहिजे."

"सात," मी म्हणालो.

त्यांनी रबर दाबून बसवलं आणि दारं लावली. छत बंद झालं.

सकाळी बायकोला आत नेलं. मी आणि सिस्टर बाहेरच्या बाकावर बसलो. मेव्हणा औषधं आणायला खाली गेला होता. आदल्या दिवशीचाच शर्ट माझ्या अंगात होता, बदलायचंही भान नव्हतं. घाम पुसायला रुमाल हवा म्हणून मी वरच्या खिशात बोटं घातली आणि हाताला क्लिप लागली.

पांढरी, बोटाच्या पेराएवढी. डोक्यावर छत तोलताना कधीतरी मी ती खिशात टाकली असणार.

ती मी मुठीत दाबली. सांगितलं नसतं तर कोणाला कळलं नसतं. पट्टी थोडी खडखडली असती, एवढंच. पण मला क्लिपची भीती वाटत नव्हती. समोरच्या दारामागे माझी बायको उघडी होती. तिथेही एक जण आकडा सांगणार होती आणि एक जण मागून म्हणणार होती. ती मागून म्हणणारी माझ्यासारखी असली तर? तिच्याही घरून फोन आला असला तर?

मी मूठ सिस्टरांसमोर उघडली.

त्यांनी क्लिप उचलली. उलटसुलट करून बघितली.

"तू सात म्हणला."

"हो."

"मोजल्या होत्या?"

"नाही."

मला वाटलं, रागावतील. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "सात मी म्हटलं होतं," त्या हळू म्हणाल्या. "आकडा आधी सांगायचा नसते. दोघांनी एकदम बोलायचं असते. मी आधी सांगितला. काहून सांगितला मी?"

मी म्हणालो, "सिस्टर, आत कोण मोजून राहिलं असेल?"

त्या उठल्या. थिएटरच्या दारावरच्या मावशीने त्यांना ओळखलं, स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत, तिच्याकरवी आत निरोप पाठवला. आतून एक मध्यम वयाची सिस्टर बाहेर आली, मास्क हनुवटीखाली ओढून. या दोघींची जुनी ओळख असावी, कारण तिने आधी वाकून नमस्कार केला.

"आज दुसरा आवाज कोणाचा?" सिस्टरांनी विचारलं.

"माझाच, सिस्टर."

"नुसता आवाज?"

"नाही सिस्टर. बोट लावून. तुम्हीच तर शिकवलं."

"मंग जा. इथं काय करून राहिली?"

ती हसत आत गेली. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं, झालं ना समाधान अशा नजरेने. झालं नव्हतं. मला विचारलं असतं तर मीही 'बोट लावून' असंच म्हणालो असतो. इतक्याच सहज.

ते त्यांनी ओळखलं असावं. "चल खाली," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"गाडी उघडू."

"आत्ता? ती आत आहे, सिस्टर."

"इथं बसून दाराकडं पाहशील. दार उघडायचं तुझ्या हातात आहे का? गाडीचं आहे."

मी गेलो. मेव्हणा जिन्यात भेटला, त्याला दाराशी बसवलं. आजही कोणी म्हणालं की बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी तू कुठे होतास, तर मला खरं सांगायला लाज वाटते. मी दवाखान्यामागच्या पार्किंगमध्ये, तापलेल्या पत्र्याखाली, गाडीच्या खांबावरची पट्टी उपटत होतो. पहारेकरी येऊन म्हणाला, "ओ काकाजी, गाडी बनवायची जागा नाही ही." सिस्टर त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "बाबू, तू बी ये. मोजू लाग." तो निघून गेला.

माझ्या बाजूची शेवटची पट्टी निघाली. मागे एक खाच रिकामी. मी क्लिप बसवली. पट्टी दाबली. टक्.

"आता सगळ्या मोज," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या बाजूच्या बी. आज आधी तू."

"तुम्हीच म्हणालात, आधी सांगायचं नसतं."

"म्हणून तर. मनात ठेव. तू झाला की मी मोजते, मंग दोघं एकदम."

मी बोट लावून मोजलं. पट्टीच्या कडेखाली नख घालून, क्लिप चाचपून, एकेक. घाम डोळ्यांत जात होता. फोन शर्टाच्या खिशात होता आणि तो वाजू नये असं वाटत होतं, आणि वाजावा असंही. माझं झालं. मग सिस्टर फिरल्या. त्यांचं बोट माझ्यापेक्षा सावकाश होतं. मग आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि एकदम बोललो.

मी म्हणालो, "अठरा." त्या म्हणाल्या, "सतरा."

आयुष्यभर मोजलेल्या बाईचा आकडा सतरा होता. माझी जीभ सवयीने सतराकडे वळत होती. तोंडात स चा आकार तयारही झाला होता. मी पुन्हा गाडीत शिरलो. पुन्हा पहिल्या खांबापासून. बाहेर आलो.

"अठराच आहेत, सिस्टर."

"नक्की?"

"बोट लावून."

त्यांनी रबर उचलून माझ्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "मंग लाव रबर."

मी रबर बसवत होतो तेव्हा मेव्हण्याचा फोन आला. बायको बाहेर आली होती. ग्लानीत होती, पण माझं नाव घेत होती म्हणे. मी उरलेलं रबर तसंच सोडून पळालो. ते सिस्टरांनी एकटीने लावलं.

चार-पाच दिवसांनी तिला घरी आणलं. मागच्या सीटवर उशी ठेवून, पाय दुमडून, तोंड वर. गाडी सिस्टरच चालवत होत्या, खड्ड्यावरून अशा नेत होत्या की जणू सीटवर दह्याचं पातेलं आहे. बायको बराच वेळ वर बघत होती.

"कापड छान आहे, सिस्टर," ती म्हणाली. "पण इथं एक सुरकुती राहिली."

"माहीत आहे वं," सिस्टर म्हणाल्या. "मोजलेली आहे."

बायको हसली आणि टाके दुखले म्हणून विव्हळली. मी पुढच्या सीटवर बसून रडलो. दोघींनीही ते बघून न बघितल्यासारखं केलं.

एवढ्यावर भीती संपायला हवी होती. संपली नाही. बायको बरी झाली, कामाला लागली, तिचा आवाज पुन्हा जिन्यातून ऐकू यायला लागला. पण तिच्या पोटात जरा दुखलं की मी पांढरा पडतो. वांग्याचं भरीत जास्त झालं असलं तरी माझ्या डोळ्यांसमोर ती रिकामी खाच येते. दोनदा मी हट्टाने तिची सोनोग्राफी करवली. दुसऱ्या वेळी ती डॉक्टरांसमोरच म्हणाली, "अहो, माझ्या पोटात तुमची क्लिप नाही." डॉक्टरांना काही कळलं नाही. काही निघालं नाही, दोन्ही वेळा नाही. तरी पडद्यावरच्या त्या राखाडी सावल्यांकडे बघताना मी मनात म्हणत होतो, डॉक्टरसाहेब, तुम्ही एकटेच बघताय. दुसरं कोण बघतंय?

कार्यालयात मी आता 'तपासले' लिहिण्याआधी खरंच तपासतो. माझ्या टेबलावर कामं तुंबतात. साहेब म्हणतात, म्हातारपण आलं. येऊ दे.

आणखी एक गोष्ट मला सोडत नाही. पार्किंगमध्ये सिस्टर सतरा म्हणाल्या. तेव्हा मी धरून चाललो होतो की त्या मला तपासत होत्या, मी माझ्या आकड्यावर उभा राहतो की पुन्हा त्यांच्या मागून म्हणतो ते बघत होत्या. पुढे दोनेक वर्षांत त्या गॅसवर दूध विसरायला लागल्या. मग एकच भाजी दोनदा चिरायला लागल्या. एकदा मला हाक मारली, झाकण हातात धरलं आणि विचारलं, "काय मोजायचं होतं गा?" डबा रिकामा होता. तेव्हा मला खिशाचा शर्ट आठवला, ज्याकडे त्यांनी बघितलं नव्हतं. आधी सांगितलेला सात आठवला. आणि सतरा आठवला. तो सतरा खरंच चुकलेला असेल तर त्या दिवशी, त्या उन्हात, गाडीपाशी मोजणारा मी एकटा होतो. हे मला आजही घाबरवतं. विचारून घ्यायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण उत्तर आलं असतं.

शेवटी भंडाऱ्याच्या त्यांच्या भाचीने त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. गाडी त्यांनी आधीच आमच्या हवाली केली होती. सोडायला आम्हीच निघालो. सकाळी खाटेवर त्यांची बॅग उघडी होती आणि शेजारी नेण्याच्या वस्तू मांडलेल्या. साड्या, औषधांची पिशवी, आईचा फोटो, घड्याळ, तो किडनीचा ट्रे. भाचीने फोनवर आम्हाला बजावलं होतं की मावशी काही म्हणाली तर हो म्हणा, उलट बोललं की ती फार अस्वस्थ होते. एकेक वस्तू आत गेली. सिस्टरांनी झाकण उभं धरलं.

"दहा," त्या म्हणाल्या.

"दहा," बायको लगेच, मायेने म्हणाली.

सिस्टर माझ्याकडे वळल्या. डोळे मोतीबिंदूने निळसर झालेले, पण नजर तीच. त्या वाट बघत होत्या. मला दहा म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं. या घरातून त्यांचं निघणं असं मोडायची मला भीती वाटत होती. मी बॅगेत हात घातला आणि प्रत्येक वस्तूवर बोट टेकवलं.

"नऊ आहेत, सिस्टर."

बायकोने माझ्याकडे बघितलं ते मी विसरणार नाही. आम्ही तिघांनी सगळं घर शोधलं. खाटेखाली, कपाटात, मशीनच्या पेटीत. दहावी वस्तू कोणती, हे सिस्टरांना सांगता येईना. फक्त दहा होत्या, एवढं त्यांना ठाऊक होतं. उशीर होत होता. अखेर त्यांनी बॅग तशीच उघडी मांडीवर घेतली, तिच्यात एक हात ठेवला आणि मागच्या सीटवर बसल्या. बायको माझ्या शेजारी बसली.

भंडाऱ्याच्या वाटेवर, मौद्याच्या अलीकडे बायको माझ्या कानाशी पुटपुटली, "दहा म्हणायचं होतं ना. त्यांना बरं वाटलं असतं."

मागे सिस्टर डोळे मिटून होत्या. मला वाटलं झोपल्या असतील.

"त्यानं दहा म्हटलं असतं," त्या म्हणाल्या, "तर मी गाडीतून उतरली असती वं."

मग त्यांनी मान मागे टेकवली. आरशात मला त्यांचा हात दिसला. बॅगेतला नाही, दुसरा. तो वर गेला, कापडावरून चाचपत पुढे सरकला आणि सुरकुतीवर थांबला.

"एक," त्या म्हणाल्या. आणि थांबल्या.

बायकोने तोंड उघडलं. मी तिच्या हातावर हात ठेवला. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, उतरलो, मागचं दार उघडलं, आत वाकलो. कापडावर त्यांच्या बोटाशेजारी माझं बोट ठेवलं. बोटभर सुरकुती, जिथे होती तिथेच.

"एक," मी म्हणालो.